गावतळ्यातला मासा आधी गावाच्या ताटात

बेळगाव जिल्ह्यात गावतळ्याचा मासेमारीचा ठेका देताना एकच गोष्ट बघितली जाते, ती म्हणजे बोली कितीची लागली. त्या तळ्यात वाढलेला मासा कुणाच्या ताटात जाणार, हा प्रश्न ग्रामसभेत निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो निघायला हवा आणि त्याचं उत्तर ठेक्याच्या करारात लिहून घ्यायला हवं, एवढंच मला मांडायचं आहे. तळं गावाचं, त्यातला गाळ गावाने काढलेला, काठावर गुरं गावाची पाणी पिणार. मासा मात्र पहाटे टेम्पोत भरून परस्पर शहराची वाट धरतो. त्याच गावच्या अंगणवाडीत वजनकाट्यावर उभी राहणारी पोरं हलकी भरतात. हे मला पटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ४७.८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयाच्या मुलांत हेच प्रमाण ६५.५ टक्के आहे. पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हे आकडे पूर्ण राज्याचे आहेत, त्यात बेंगळुरूही आलं. उसाच्या पट्ट्यात घरोघर मोटारसायकल दिसते, पक्की घरं दिसतात, त्यामुळे इथे उपासमार नाही असं आपण धरून चालतो. पोट भरतं हे खरंच आहे. पण पोट भरणं निराळं आणि अंगी लागणं निराळं.

आपल्या भागातलं रोजचं जेवण डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला खानापूरकडे भात, पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे ज्वारीची भाकरी, जोडीला आमटी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, कधी पालेभाजी. जेवण चांगलंच आहे, पण त्यात एक उणीव आहे. ज्वारीतल्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक फार कमी असतो आणि तो कमी पडला की बाकीच्या प्रथिनांचाही शरीराला पुरता उपयोग होत नाही. डाळ ही उणीव बऱ्यापैकी भरून काढते, मात्र डाळ पुरेशी हवी. सात-आठ माणसांच्या घरात मूठभर तुरीची पातळ आमटी केली तर वाटणीला येऊन येऊन किती येणार? माशाच्या प्रथिनांत लायसिन भरपूर असतं. भाकरीबरोबर माशाचा तुकडा खाल्ला की भाकरीतली प्रथिनंसुद्धा जास्त कामी येतात. मासा-भाकरी हा नुसत्या चवीचा मेळ नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या बाईला म्हणजे दिवसाला साधारण ४६ ग्रॅम. शंभर ग्रॅम रोहूत १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, कटल्यात थोडी अधिक. एका बेताच्या तुकड्यात दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा आला. चरबी म्हणाल तर दीड-दोन ग्रॅम. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व, जे धान्यात, डाळीत, भाजीत मुळातच नसतं आणि जे कमी पडलं की रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही, ते माशात असतं. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पालेभाजीतलं आणि धान्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही, पण त्याच जेवणात मासा किंवा मांस असेल तर ते जास्त शोषलं जातं. म्हणजे रोहूच्या तुकड्यात स्वतःचं लोह बेताचंच असलं, तरी शेजारच्या मेथीतलं लोह तो अंगी लावून देतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. ओमेगा-३ म्हणून ज्या स्निग्ध पदार्थांचं कौतुक होतं, ते बांगड्यात, तारलीत भरपूर असतात. रोहू-कटला त्यांच्या जवळपासही येत नाही. आयोडीनही समुद्राच्या मासळीत जास्त. ज्याच्या दारात रोज ताजा बांगडा स्वस्तात येतो त्याने तो जरूर खावा. पण आपण किनाऱ्यावर राहत नाही. गोव्याहून, कारवारहून, मालवणकडून मासळी बर्फात घालून चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढून इथे येते. बेळगाव शहरात ती मिळते, तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक-दोनदा दिसते, आणि अथणीच्या पुढच्या वाडीवर पोचेपर्यंत तिचा ताजेपणा आणि तिचा दर यांचा मेळ राहत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर मासेमारी बंद असते तेव्हा तर विचारूच नका. २०१८ मध्ये गोव्यात मासळीला फॉर्मेलिन लावत असल्याचा गवगवा झाला, तेव्हा बाहेरून येणाऱ्या मासळीवर आपली किती भिस्त आहे हे सगळ्यांनाच कळलं. सुरमईच्या एका किलोच्या पैशात रोहू दोन-तीन किलो येतो. ओमेगा-३ चा हिशेब पोटभर प्रथिनं मिळणाऱ्याने करावा. ज्या घरात महिन्यातून एकदाही अंडं-मासळी होत नाही, तिथे रोहू की बांगडा हा वाद गैरलागू आहे.

आता खरी बाब. रोहू-कटल्याबद्दल एवढं बोललो, पण माझ्या मते तळ्यातला सगळ्यात मोलाचा मासा तो नव्हेच. बोटाएवढी बारकी मासळी, जी ठेकेदाराला नको असते, जाळ्यातून निसटते, पोरं ओढ्यात पंचाने धरतात, ती मोलाची. बांगलादेशात मोला नावाच्या अशाच एका बारक्या माशावर अनेक वर्षं अभ्यास झाला. त्याच्या शंभर ग्रॅमांत अ जीवनसत्त्व अडीच हजार मायक्रोग्रॅमहून जास्त भरलं. लहान मुलाची कित्येक दिवसांची गरज भागेल एवढं हे आहे आणि रोहूच्या मांसात ते जवळजवळ नसतंच. हे काम पुढे नेणाऱ्या शकुंतला थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोला आणि त्याचे भाऊबंद आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातही आढळतात. प्रत्येक बारक्या माशात अ जीवनसत्त्व इतकं नसतं, हे ध्यानात ठेवायला हवं. पण कॅल्शियमचं तसं नाही. जो मासा काट्यासकट, डोक्यासकट चावून खाल्ला जातो, त्याच्या हाडांतलं कॅल्शियम पोटात जातं आणि ते दुधातल्या कॅल्शियमइतकंच चांगलं अंगी लागतं असं अभ्यासांत दिसलं आहे. ज्या घरातलं दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं, तिथे याची किंमत काय, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको.

आठवडी बाजारात कडेला गोणपाट टाकून बसलेल्या बाईसमोर असा बारक्या मासळीचा ढीग कधी तरी दिसतो. तिचं काम बघत राहावं असं असतं. मासा डाव्या चिमटीत धरायचा, उजव्या अंगठ्याच्या नखाने पोट दाबून आतलं काळं बाहेर काढायचं, टोपलीत टाकायचा, पुढचा उचलायचा. शेवटी खडं मीठ आणि राख लावून खापरीवर घोळून काढायचे की चिकटपणा जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "आक्का, डोकी काढून दे की." आणि ती मुकाट्याने डोकी खुडते. मोल्यासारख्या माशात अ जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत आणि पोटाच्या भागात साठलेलं असतं. डोकं खुडलं की त्यातला मोठा वाटा कावळ्याला गेला. त्या बाईला हे कुणी सांगितलेलं नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. सांगण्याचं काम ज्या खात्यांचं आहे त्यांची पत्रकं आपल्याकडे कन्नडमध्ये असतात. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांतल्या ज्या गावांत घरात मराठी बोलतात, तिथल्या आईला ती वाचता येत नाहीत. आहाराची माहिती आईला कळेल अशा भाषेत मिळावी ही मागणी राजकारणाची नाही, पोटाची आहे.

या बारक्या मासळीचं आपण करतो काय? तळ्यात नवं मत्स्यबीज सोडायच्या आधी तळं "साफ" करण्याची शिफारस असते. त्यासाठी मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी अडीच हजार किलोपर्यंत. पेंडीतल्या विषाने तळ्यातला झाडून सगळा मासा वर येतो. पंधरा-वीस दिवसांत विषाचा अंमल ओसरतो, पेंडीचं खत होतं आणि मग रोहू, कटला, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात. यामागचं कारण मला मान्य आहे. मरळ, शिवडा हे मासे बोटुकली गिळतात. ते तळ्यात राहिले तर ठेकेदाराचं बीज बुडालं. पण त्यांच्याबरोबर सगळी बारकी मासळी मारण्याचं कारण एवढंच दिलं जातं की ती मोठ्या माशांच्या खाण्यात वाटेकरी होते. हे गृहीत बांगलादेशात तपासून बघितलं गेलं. रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांबरोबर तळ्यात मोलाही वाढवला, तर मोठ्या माशांचं उत्पादन घटलं नाही आणि घरात खायला बारकी मासळी वर्षभर मिळत राहिली. मोला तळ्यातच वीण घालतो, त्याचं बीज दरवर्षी विकत आणावं लागत नाही. थोडी थोडी काढत राहिली तर ती वाढत राहते. आपल्या मत्स्य खात्याच्या योजनांत, २०२० साली २०,०५० कोटी रुपयांची घोषणा झालेल्या मत्स्यसंपदा योजनेसह, मुख्य भर टनांवर आहे. किती टन मासा निघाला हे मोजलं जातं. त्यातला किती गावात राहिला याचा रकाना कुठल्या अर्जात माझ्या पाहण्यात नाही.

टनांना मी कमी लेखत नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली. त्याआधी रोहू-कटल्याचं बीज पुराच्या नदीतून गाळून आणावं लागे, त्यात दहा जातींची भेसळ असे. चौधरींच्या त्या कामामुळे आज अथणीतल्या शेततळ्यातही शुद्ध बोटुकली सोडता येते. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. तिघं एकमेकांच्या आड येत नाहीत आणि थोड्याशा शेणखतावर, कोंड्यावर तळं मासा देतं. आज देशात निघणाऱ्या एकूण मासळीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातून येते, समुद्रातून नव्हे. उत्पादनाचा प्रश्न बराच सुटला आहे. वाटपाचा तसाच आहे.

वाटप नुसतं गाव आणि शहर यांच्यातलं नसतं, चुलीपाशीही असतं. घरात दीड किलोचा कटला आला की मधले तुकडे कुणाच्या ताटात पडतात, शेपटीकडचे कुणाच्या, आणि सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला नुसता रस्सा कसा येतो, हे आपल्या घरांत वर्षानुवर्षं चाललेलं आहे. रक्तक्षय मात्र तिलाच असतो. बारक्या मासळीचं कालवण झालं की तुकडे मोजता येत नाहीत. पळीत जेवढे येतील तेवढे पडतात आणि पोरांसकट सगळ्यांना मिळतात. बांगलादेशातल्या अभ्यासकांनीही हे नोंदवलं आहे. घरातली रीत बदलायला पिढ्या लागतात, तोवर तिला मासा मिळण्याची ही एक वाट आहे.

आपल्याकडे नदीच्या माशाला मान नाही, ही आणखी एक अडचण. पाहुणे आले तर सुरमई आणायची, पापलेट आणायचं. रोहू आणला तर "चिखलाचा वास येतो" आणि "काटे फार" हे ठरलेलं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. तळ्यातले काही सूक्ष्मजीव आणि शेवाळी ते तयार करतात आणि पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तोही त्याचाच. जिवंत मासा दोन-तीन दिवस वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवला तर वास बराच कमी होतो. आणि हे द्रव्य आंबटात टिकत नाही. आपल्या बायका माशाला आधी चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं पाणी चोळून ठेवतात ते उगाच नव्हे. खानापूरच्या रानातलं आमसूल या कामाला नंबर एक. काट्यांचं म्हणाल तर कार्प माशांच्या मांसात दुबेळक्याच्या आकाराचे बारीक काटे असतात, ते उपटून निघत नाहीत. माझी एक मावशी तुकड्याला खालच्या कातडीपर्यंत न नेता अगदी जवळजवळ उभ्या चिरा पाडायची, लाल तिखट-मीठ आणि तांदळाचं पीठ चिरांत भरायची आणि मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक होईस्तोवर भाजायची. चिरांमध्ये काटे तुटतात, तेलात कुरकुरीत होतात, जिभेला लागत नाहीत. तरीही लहान मुलाला देताना तुकडा बोटांनी कुस्करून बघितल्याशिवाय देऊ नये. ज्यांना काट्यांची धास्ती आहे त्यांनी मरळ घ्यावी; महाग असते, पण तिच्यात काटे थोडे.

मासा साफ करताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, एवढं सगळ्यांना माहीत असतं, कारण फुटली की सगळा मासा कडू. पण औषध म्हणून ती पिशवी कच्ची गिळणारी माणसं अजून आहेत. रोहूचं आणि गवत्या माशाचं (ग्रास कार्पचं) पित्त विषारी आहे, त्याने मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण आपल्या देशात नोंदले गेले आहेत. कृपा करून हे कुणी करू नये. मासा-दूध एकत्र आलं की कोड फुटतं, ही भीती मात्र निराधार आहे.

आता ज्यांना मासा चालतच नाही त्यांच्याबद्दल. सीमाभागात जैन घरं मोठ्या संख्येने आहेत, लिंगायत आहेत, आपल्यातले माळकरी आहेत. गावतळ्याच्या काठावर त्यांचाही हक्क आहे आणि त्यांच्या भावना दुखावतील असं काही मी सुचवत नाही. शाळेच्या आहारात मासा द्या असं मी म्हणत नाही. कर्नाटकात शाळेतल्या मुलांना अंडं देताना, ज्यांना नको त्यांना केळं दिलं जातं, आणि एकाच ओळीत बसून पोरं आपापलं खातात. हा तोडगा चांगला आहे. मासा तर त्याहूनही सोपा, कारण तो विकत घेऊन आपापल्या घरी शिजवायचा आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जी घरं मासा खातात, त्यांत गावातली सगळ्यात गरीब घरं आहेत. भोई, अंबिगेर या मासेमार समाजांतली, दलित वस्तीतली, मुस्लिम घरं, मराठा-कुणब्यांतली कितीतरी. त्यांच्या ताटात काय असावं हे ठरवताना त्यांना गप्प बसवणं हा अहिंसेचा मार्ग नव्हे. अंडं नको म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा झाला की काय होतं ते शेजारी महाराष्ट्रात दिसलं: २०२३ च्या अखेरीस शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा पैसा बंद केला.

ओडिशात अंगणवाडीच्या आहारात सुक्या बारक्या मासळीची पूड मिसळण्याचा प्रयोग झाला आहे. तो आपल्याकडे व्हावा का? होईल तेव्हा होवो. सरकारी स्वयंपाकघरापर्यंत पोचायला निविदा, ठेकेदार, तपासणी अशा दहा पायऱ्या असतात. गावच्या तळ्यापर्यंत पोचायला एकच आहे, ग्रामसभेचा ठराव.

पाण्याचा आक्षेप सगळ्यात जड. नद्या मेल्या आहेत, मासा खायला सांगता कसा, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड जातं. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा येतात. तेच पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतं आणि पुढे चिकोडी, अथणी तालुक्यांत येतं. बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून शेतं बुडवत मार्कंडेयला जाऊन मिळतं. मळी किंवा सांडपाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू फस्त करतात. माशाला जगायला एक लिटर पाण्यात चार-पाच मिलिग्रॅम तरी विरघळलेला प्राणवायू लागतो. तो दोनच्या खाली गेला की मासा वर येऊन तोंड उघडतो आणि मरतो. अशा ठिकाणचा मासा खाऊ नये, मेलेला तर मुळीच उचलू नये. पण म्हणून काय सगळ्या पाण्यावर काट मारायची? कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा खानापूरच्या रानातून येते तिथे, हिडकल धरणात, भोजजवळ वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावर पाणी सारखं नाही. शहराच्या नाल्यापासून दूर असलेल्या पावसाच्या पाण्याच्या गावतळ्याची गोष्ट तर अगदीच वेगळी. आणि खरं सांगायचं तर ज्या गावात तळ्यातला मासा घरोघर खाल्ला जातो, त्या गावात तळ्यात औषधाचा पंप धुवायला गेलेल्या माणसाला हटकणारे दहा जण निघतात. ज्या तळ्याशी पोटाचा संबंध नाही त्यात गणपतीपासून प्लॅस्टिकपर्यंत सगळं जातं.

पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात तेव्हा काय होतं, तेही याच पानावर लिहायला हवं. अंड्यांनी भरलेल्या माद्या उथळ पाण्यात येतात आणि लोक काठ्या, कोयते, पोती घेऊन उतरतात. चार मासे धरणं ही जुनी रीत आहे, तिच्यावर माझा रोख नाही. ब्लीचिंग पावडर टाकणारे, जिलेटीनचा बार उडवणारे, विजेची तार सोडणारे यांच्यावर आहे. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ पासून आपल्या देशात गुन्हा आहे. एका बारात डोहातली पुढच्या कित्येक वर्षांची मासळी जाते आणि बारकी मासळी तर सगळ्यात आधी. भोई, अंबिगेर समाजातल्या जुन्या माणसांना कुठल्या डोहात कधी जाळं टाकायचं नाही हे ठाऊक असतं. त्यांच्या सहकारी संस्था बोलीत बाहेरच्या पैसेवाल्यापुढे मागे पडतात आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही तळ्याच्या काठावरून उठून जातं.

म्हणून ठेक्याच्या करारात काय असावं, ते नेमकं सांगतो. काढणीच्या प्रत्येक दिवशी सकाळचे पहिले दोन तास तळ्याच्या काठावरच, ठेकेदाराला ठोक बाजारात मिळतो त्या दरात, गावकऱ्यांना विक्री. उरलेला मासा त्याने खुशाल बाहेर न्यावा. गाव सगळा मासा खाऊ शकणार नाही, त्यामुळे ठेकेदाराचं नुकसान होत नाही, उलट तेवढ्या मालाचा बर्फ आणि वाहतूक वाचते. वर्षातून एकदाच सगळं तळं उपसण्याऐवजी तीन-चार टप्प्यांत काढणी, कारण गावात घरोघर फ्रिज नाहीत आणि वर्षातून एका दिवशी मासा खाऊन कुणाचं रक्त वाढत नाही. बारकी मासळी विष घालून मारायची नाही. मरळ-शिवड्यासारखे शिकारी मासे जाळं ओढून काढायचे, आणि आटणाऱ्या तळ्यात तर ते उन्हाळ्यात हातानेही निघतात. बारक्या मासळीवर ठेकेदाराचा हक्क नाही, ती गावातल्या कुणीही हातजाळ्याने धरावी. आफ्रिकन मांगूर, म्हणजे देशी मासे फस्त करणारा परदेशी मासा, ज्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे, तळ्यात सोडल्याचं आढळलं तर ठेका रद्द. आणि बोली लावताना स्थानिक मच्छीमार संस्थेची बोली थोडी कमी असली तरी तिला पहिला मान. पंचायतीच्या तिजोरीत त्यामुळे वर्षाला काही हजार कमी येतील. तेवढे पैसे गटारीच्या एका झाकणावर खर्च होतात.

२०२२ मध्ये अमृत सरोवर योजनेत प्रत्येक जिल्ह्याने ७५ तळी करावीत किंवा दुरुस्त करावीत असं ठरलं. त्यातली जी तळी नवी आहेत, त्यांच्यावर कुणाचा जुना दावा नाही, तिथे पहिला करारच असा करता येईल. बोटुकली पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये सोडतात. म्हणजे ठराव त्याच्या आधी, मे-जूनच्या ग्रामसभेत व्हायला हवा. ज्या बायकांच्या चुलीवर हा मासा शिजायचा आहे त्या बचतगटाच्या बायका त्या दिवशी हजर असायला हव्यात, आणि मराठी गावांत कराराचा कन्नड मसुदा सह्या होण्याआधी मराठीतून मोठ्याने वाचून दाखवायला हवा.